2 बाय 4 फुटांच्या पोर्सेलिन टाइल्स भिंतीला सिमेंटवर लावू का अ‍ॅडेसिव्हवर (टाइल चिकटवायचा तयार मसाला)? मिस्त्री म्हणतो सिमेंट चालेल.

अ‍ॅडेसिव्हवरच लावा, भिंतीला तर सिमेंट नकोच. मी साइटवर हेच काम बघतो, पोर्सेलिन जेमतेम 0.5 टक्के पाणी पिते त्यामुळे सिमेंटचा घोळ तिला धरतच नाही, वरून चिकटल्यासारखी वाटते पण ठोकली की पोकळ वाजते आणि एवढी जड टाइल भिंतीवरून सुटली तर खाली कोणीही असू शकतं हो. दातेरी थापीने भिंतीवर लावलेल्या अ‍ॅडेसिव्हमध्ये सरळ रेघा ओढायच्या, टाइलच्या पाठीलाही पातळ थर द्यायचा, दोन टाइल्समध्ये स्पेसर (प्लास्टिकचे छोटे तुकडे) घालून निदान 2 मिमी फट ठेवायची. फक्त प्लास्टर ओळंब्यात हवं, वाकडं असेल तर आधी ते सरळ करून घ्या, आणि रंग-पुट्टी असेल तर पूर्ण खरवडून काढा, पुट्टीवर अ‍ॅडेसिव्हसुद्धा टिकत नाही.