पिवळे वरण आणि शुक्रवारची सुई

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत राहतो. आमच्या सात वर्षांच्या मुलीला मार्चमध्ये बालसंधिवाताचे, म्हणजे जेआयएचे निदान झाले. गुडघा आणि घोटा सुजतो. सांध्यांचा दाह आवरणाऱ्या मेथोट्रेक्सेट या औषधाचे इंजेक्शन दर शुक्रवारी रात्री आम्ही घरीच देतो आणि शनिवार मळमळीत जातो. अकरा वर्षांचा मुलगा हल्ली गप्प असतो. सासूबाई साताऱ्याहून फोनवर विचारतात, ‘एवढ्याशा पोरीला कुठे संधिवात होतो का?’ महाराष्ट्र मंडळात आम्ही कोणालाच काही सांगितलेले नाही. रुग्णालयाने अशाच मुलांच्या पालकांचा एक गट सुचवला आहे, पण अनोळखी लोकांपुढे घरातले दुखणे मांडण्याचा संकोच वाटतो. काय करावे?

उत्तर : सासूबाईंचा प्रश्न आधी घेते, कारण मंडळातील निम्मी माणसे मनातल्या मनात तोच विचारणार आहेत. होतो, लहान मुलांनाही संधिवात होतो. सोळाव्या वाढदिवसाआधी सुरू झालेल्या, किमान सहा आठवडे टिकलेल्या आणि दुसरे कारण न सापडलेल्या सांधेदाहाला जेआयए म्हणतात. साधारणपणे हजार मुलांमागे एकाला तो असतो. शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांच्या अस्तरावर उलटते. गार फरशी, दही किंवा आईने गरोदरपणी काय खाल्ले, यांपैकी कशामुळेही तो होत नाही. हे सासूबाईंना त्यांच्या मुलाने सांगावे. सुनेने सांगितले की त्याचा वाद होतो.

आता पालकांच्या गटाविषयी. माझ्या मुलाला हा आजार चौथ्या वर्षी झाला आणि तेव्हा मीही आपल्यासारखीच दाराशी घुटमळले होते. मेथोट्रेक्सेट पिवळे असते, हे आपण पाहिलेच असेल. आठ-दहा आठवड्यांनंतर मुलगा वरण-भाताचे ताट दूर सारू लागला. वरण समोर आले की त्याला उमासे येत. मी ते लाड समजून रागावले. गटातील एका आईला वरण म्हणजे काय हेही ठाऊक नव्हते, पण मी ‘पिवळे’ म्हणताच तिने मान डोलावली आणि सांगितले की तिची मुलगी लिंबाचे सरबत तर सोडाच, शाळेची बस दिसली तरी तोंड फिरवते. औषधाने होणारी मळमळ मुलांच्या मनात रंगाशी, वासाशी, कधी इंजेक्शन देण्याच्या खुर्चीशीही जोडली जाते. तिच्याच सांगण्यावरून आम्ही सुईच्या नळीला निळी पट्टी गुंडाळली, मळमळीवरच्या औषधाविषयी डॉक्टरांना विचारले आणि वर्षभर हळदीविना पांढरे वरण केले. त्या वरणाला काही चव नव्हती, पण मुलगा जेवू लागला.

अशी माहिती दवाखान्यातील पंधरा मिनिटांत मिळत नाही, म्हणून गटात जरूर जावे. मात्र तेथे औषधांची तुलना करू नये. जेआयए हे एका आजाराचे नाव नाही; कोणाचे चार किंवा त्याहून कमी सांधे धरतात, कोणाचे पाच किंवा अधिक, तर कोणाला ताप आणि पुरळही येते. त्यामुळे दुसऱ्याच्या मुलाला नवे इंजेक्शन लागू पडले, एवढ्यावरून आपल्या मुलीविषयी काही ठरवता येत नाही. एक गोष्ट मात्र एकमेकांना अवश्य विचारत राहावी : डोळे कधी तपासले? या आजारात डोळ्याच्या आत दाह होऊ शकतो, आणि बहुतेक वेळा डोळा लाल होत नाही, दुखतही नाही. तेव्हा हा दाह डोळ्यांच्या डॉक्टरांकडील स्लिट लॅम्पच्या, म्हणजे प्रकाशझोत असलेल्या सूक्ष्मदर्शकाच्या, तपासणीतच दिसतो. ही तपासणी किती आठवड्यांनी करायची ते डॉक्टर ठरवतील. मुलगी तक्रार करत नाही म्हणून ती तारीख पुढे ढकलू नये.

शाळेच्या बाबतीतही जुन्या पालकांचा उपयोग होतो. अमेरिकेच्या 1973च्या पुनर्वसन कायद्यातील कलम 504 खाली घरी पाठ्यपुस्तकांचा दुसरा संच, लिहिण्यास जादा वेळ, वर्गात मध्येच उठून पाय मोकळे करण्याची मुभा अशा सवलती मागता येतात. कोणाचा तरी मंजूर झालेला अशा सवलतींचा आराखडा, त्यातील मुलाचे नाव झाकून, पाहायला मागावा.

राहता राहिले मंडळ. लपवण्याने मुलीचेच नुकसान होते, असे माझे स्पष्ट मत आहे. या आजारात विश्रांतीनंतर सांधे आखडतात, म्हणून रविवारी सकाळी मराठी शाळेत लंगडणारी मुलगी दुपारी मैदानात धावताना दिसते आणि ज्यांना काहीच माहीत नाही ते तिला नाटकी ठरवतात. (‘उद्या तिच्या लग्नाचे काय?’ म्हणून गप्प राहणारी घरे मी पाहिली आहेत. मुलगी सात वर्षांची आहे.) सर्वांना सांगण्याची गरज नाही, भरवशाची तीन घरे आणि मराठी शाळेच्या बाई पुरेत. ‘काही लागले तर सांगा’ असे सगळेच म्हणतात, म्हणून नेमके काम सांगावे : गणपतीच्या आरतीला हिच्यासाठी एक खुर्ची ठेवा, शनिवारी आमच्या मुलाला तुमच्या मुलांबरोबर क्रिकेटला न्या, तुमच्या घरी कोणाला कांजिण्या झाल्या तर पहिला फोन आम्हाला करा. शेवटची विनंती औपचारिक समजू नये. मेथोट्रेक्सेटने प्रतिकारशक्ती दबते आणि अशा मुलांना कांजिण्या जड जाऊ शकतात. याच कारणास्तव भारतात जाण्यापूर्वी कोणतीही लस घेताना, विशेषतः जिवंत विषाणूंची लस असल्यास, संधिवाताच्या डॉक्टरांना आधी विचारावे.

कोणी तरी काढा सांगेल, कोणी गुग्गुळाची डबी आणून देईल. डबी आभार मानून घ्यावी आणि फडताळात ठेवावी. मेथोट्रेक्सेटमुळे यकृताची रक्ततपासणी वेळोवेळी होत असते. मध्येच डॉक्टरांना न विचारता दिलेल्या औषधाने आकडे बिघडले, तर कशामुळे बिघडले हेच कळेनासे होते.

मुलगा गप्प का आहे, हे त्याला सर्वांदेखत विचारू नये. शुक्रवारी बहिणीचे रडणे त्याच्या खोलीत ऐकू जाते. येत्या शुक्रवारी त्या तीन घरांपैकी एका घरी त्याला जेवायला पाठवावे आणि परत आणायला, इंजेक्शन आटोपल्यावर, आपण एकटीनेच जावे. गाडीत समोर पाहत बसले की मुले बोलतात.