भीमाशंकरला झाडं बघायला पहिल्यांदा जातोयस? मग हे वाच

पहिल्या दिवशी दुर्मीळ फुलांच्या मागे लागू नकोस. आधी अंजनी आणि जांभूळ वेगळे ओळखायला शिक, कारण तिथलं निम्मं रान याच दोघांचं वाटेल. दोघांचीही पानं समोरासमोर, जाड, गडद हिरवी. खाली पडलेलं पान उचल (झाडाचं तोडू नकोस, अभयारण्य आहे) आणि उन्हाकडे धर. जांभळाच्या शिरा बारीक, दाट आणि कडेला एका रेषेत मिळालेल्या दिसतील. चुरडलंस तर वासही येईल. अंजनीच्या शिरा जेमतेम दिसतात, वास नाही. उन्हाळ्यात मात्र शंका उरत नाही, अंजनीच्या फांद्यांनाच निळी-जांभळी फुलं लगडतात.

दहा रुपयांची वही घे. मोबाइलवरच्या झाडं ओळखणाऱ्या ॲपचं उत्तर पेन्सिलीने लिही, शाईने नको. मी स्वतः वर्षभर पिसा नावाच्या एका झाडाला भलत्याच नावाने ओळखत होतो!

कारवी हे झुडूप सात वर्षांनी एकदा फुलतं आणि मरतं, त्यामुळे त्याला फुलं नाहीत म्हणून हिरमुसू नकोस.

आणि एक गोष्ट कळकळीने सांगतो. कंदीलपुष्प (कंदिलासारख्या फुलांची दुर्मीळ वनस्पती) किंवा नरक्या (एक झाड) दिसला तर फोटोबरोबर ठिकाण टाकू नकोस. नरक्यापासून कर्करोगावरच्या औषधाचा घटक मिळतो, म्हणून सह्याद्रीत तो बेसुमार तोडला गेला. ग्रुपवर कौतुकाने टाकलेला नकाशा कोणाच्या हाती जाईल, सांगता येत नाही. तालुक्याचं नाव पुरे. फारच विचारलं तर "घाटात" म्हणायचं.