इमारत घेताय? आधी आठही दारं वाजवा

प्रश्न : मावळातली वडिलोपार्जित जमीन विकून हातात पैसे आले आहेत. धनकवडीत 1990 सालची, तळमजला अधिक तीन मजली, आठ फ्लॅटची आख्खी इमारत विकायला आहे. किंमत 3 कोटी 20 लाख. भाडं महिन्याला लाखभर येतं. तळमजल्यावर एक जुने आजोबा आहेत, ते जातील असं मालक म्हणाले. एजंट टोकनची घाई करतोय. राहत्या फ्लॅटपलीकडे आम्ही आजवर काही घेतलेलं नाही. सुरुवात कुठून करावी?
– एक वाचक, सहकारनगर, पुणे

उत्तर : बाकीचं नंतर, आधी ते आजोबा.

1996 साली आम्ही दोघांनी सदाशिव पेठेत सहा बिऱ्हाडांची इमारत घेतली. मी वकील, तरी ‘म्हातारी गावी जाणारच आहे’ या मालकाच्या शब्दावर विसंबले आणि जिना चढून दार वाजवलं नाही. खरेदीखत झाल्यावर गेले, तर आजींनी चहा टाकला आणि मांडीवर बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेऊन बसल्या. आत 1961पासूनच्या भाडेपावत्या, सालवार दोऱ्यानं बांधलेल्या. पानशेतच्या पुरात घर गेलं तेव्हा त्या इथे आल्या होत्या. भाडं 38 रुपये. पुढे आजी वारल्या आणि भाडेहक्क सोबत राहणाऱ्या मुलाकडे आला. तो अजून आहे. आमचं चांगलं जमतं, पण ती जागा मी कधी हिशेबात धरत नाही.

तुमचे आजोबा असेच भाडेकरू असतील तर 1999च्या भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे भाडं वर्षाला 4 टक्के वाढेल, आणि जागा हवी तर कोर्टाची पायरी. ‘जातील’ म्हणजे कधी, ते मालकांनी आधी लेखी करून जागा रिकामी द्यावी, नाहीतर तो फ्लॅट किमतीतून वजा करा. उरलेल्या सात जणांचे लिव्ह अँड लायसन्स करार नोंदवलेले आहेत का, तेही बघा. नोंदवलेले नसतील तर वादात अटींबद्दल राहणाऱ्याचं म्हणणं आधी खरं धरलं जातं.

आता कागद. मिळकत पत्रिका किंवा सातबारा, मंजूर नकाशा, भोगवटा पत्र (इमारत राहायला योग्य असल्याचा महापालिकेचा दाखला), आणि वकिलाकडून 30 वर्षांचा सर्च, म्हणजे मागच्या नोंदणी व्यवहारांचा शोध. धनकवडीत गुंठेवारीतली, म्हणजे जमिनीचे विनापरवाना तुकडे पाडून विकलेल्या प्लॉटवरची, बांधकामं बरीच आहेत. तशी असेल तर नियमित झाल्याचा दाखला हवा. नकाशा हातात घेऊन गच्चीवर जा. चौथ्या मजल्यावर पत्र्याची खोली दिसली की समजा, ती नकाशात नसणार. जागा वडिलोपार्जित असेल तर मालकांच्या बहिणी किती ते सरळ विचारा. त्यांची सही किंवा नोंदणीकृत हक्कसोडपत्र नसेल तर पुढे जाऊ नका. वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्यायला लावा, हरकत घेणारा असला तर आत्ताच येऊ दे.

हिशेब छोटा आहे. वर्षाला 12 लाख भाडं म्हणजे 3.75 टक्के. मुद्रांक शुल्क व अधिभार मिळून 7 टक्के, म्हणजे 22 लाख 40 हजार, वर नोंदणीचे 30 हजार. (रेडीरेकनरची, म्हणजे सरकारी दराची, किंमत जास्त निघाली तर शुल्क तिच्यावर.) मिळकतकर, पाण्याची मोटर, गळकी गच्ची, अधूनमधून रिकामा फ्लॅट धरला की हाती 3 टक्के उरले तरी खूप. मुदत ठेव याहून जास्त देते. तेव्हा फायदा आहे तो जमिनीत, आणि त्यासाठी समोरचा रस्ता किती मीटरचा ते मोजा. पुढे पुनर्विकासात एफएसआय, म्हणजे प्लॉटच्या प्रमाणात किती बांधता येईल ते, बरंचसं त्यावर ठरतं. पैसे देताना त्यातून मालकांच्या नावे 1 टक्का टीडीएस (आयकर) कापून सरकारकडे भरायचा, हे एजंट सांगणार नाही.

टोकन आत्ता देऊ नका. येत्या रविवारी आजोबांकडे जाऊन बसा, दोघंही जा. पावत्या मागू नका. चहा झाला की तेच काढून दाखवतील.