पगारातून ४७ टक्के कापले, म्हणून एबीएनवर जाऊ का?

सांगलीहून मेलबर्नला मास्टर्स करायला गेलेल्या २३ वर्षांच्या एका वाचक मुलीचं पत्र आलं आहे. त्यातला मुख्य भाग खाली देते. (टीएफएन म्हणजे टॅक्स फाइल नंबर, तिथल्या करदात्याचा क्रमांक. एबीएन म्हणजे ऑस्ट्रेलियन बिझनेस नंबर, धंदा करणाऱ्याचा क्रमांक. कॅज्युअल म्हणजे तासांच्या हमीशिवायची नोकरी.)

‘ताई, जुलैमध्ये इथे आले. सप्टेंबरच्या शेवटापासून एका गोदामात कॅज्युअल म्हणून पॅकिंगचं काम करते. आठवड्याला २० तास, तासाला ३१ डॉलर. ६२० डॉलर झाले, पण खात्यात आले ३२९. टीएफएन दिला नाही म्हणून ४७ टक्के कर कापला, असं सुपरवायझर म्हणतो. घराजवळच्या रेस्टॉरंटचे मालक आपलेच भारतीय आहेत. ते म्हणतात, एबीएन काढ, तासाला २८ देतो, एक सेंटही कापणार नाही, इथे सगळी मुलं तसंच करतात. बाबा माझ्या कर्जाचं व्याज भरतायत. त्यांना दर महिन्याला काहीतरी पाठवायचं आहे. गोदाम सोडून रेस्टॉरंटमध्ये जाऊ का? की दोन्हीकडे करू?’

गोदामाचं काम सोडू नकोस. एबीएन काढू नकोस. टीएफएनसाठी अर्ज केला नसशील तर आजच कर.

आता कारणं सांगते. तुझ्या पत्रात दोन गोष्टी एकमेकींत मिसळल्या आहेत: पगारातून कापलेली रक्कम आणि तुला खरोखर लागू होणारा कर. दर आठवड्याला मालक कापतो तो अंदाज असतो. ऑस्ट्रेलियाचं आर्थिक वर्ष १ जुलै ते ३० जून. वर्ष संपल्यावर रिटर्न भरलंस की खरा कर ठरतो आणि जास्तीचं कापलेलं तुझ्या खात्यात परत येतं. ४७ टक्के हा कुणा विद्यार्थ्याच्या उत्पन्नाचा दर नाही. ज्याचा टॅक्स फाइल नंबर मालकाकडे नाही, त्याच्या पगारातून तेवढं कापणं मालकाला कायद्यानं भाग असतं.

नोकरीवर रुजू होताना तू एक डिक्लरेशन फॉर्म भरला असशील. त्यात ‘नंबरसाठी वेगळा अर्ज केला आहे’ असा एक पर्याय असतो. तो निवडला की २८ दिवसांची मुदत मिळते आणि तोवर नेहमीच्या दरानं कापतात. तू ती जागा कोरी सोडली असावीस किंवा मुदत उलटून गेली असावी. अर्ज ऑस्ट्रेलियात पोहोचल्यावर पासपोर्टच्या आधारे ऑनलाइन करता येतो. एटीओ, म्हणजे तिथलं कर खातं, त्याचे पैसे घेत नाही. ‘टीएफएन काढून देतो, पन्नास डॉलर द्या’ म्हणणारे भेटतील, त्यांना देऊ नकोस. नंबर आला की मालकाला दे, पुढच्या पगारापासून कपात खाली येईल. आधी जास्तीचे गेले ते रिटर्न भरल्यावर मिळतील.

त्याच फॉर्ममधले आणखी दोन रकाने जपून भर. पहिला, कराच्या दृष्टीनं तू ऑस्ट्रेलियाची निवासी आहेस का? इथे बरीच मुलं ‘आपण तर व्हिसावर आलोय’ असं समजून ‘नाही’वर खूण करतात. सहा महिन्यांहून मोठ्या अभ्यासक्रमाला आलेला परदेशी विद्यार्थी सर्वसाधारणपणे करासाठी निवासीच धरला जातो, व्हिसा कोणताही असो. अनिवासी ठरलीस तर पहिल्या डॉलरपासून ३० टक्के जातील. दुसरा रकाना करमुक्त मर्यादेचा: ती या नोकरीच्या पगारावर धरायची का? गोदाम ही तुझी मुख्य नोकरी, तिथे ‘हो’ लिही. पुढे दुसरं काम घेतलंस तर तिथे ‘नाही’. दोन्हीकडे ‘हो’ केलंस तर दर आठवड्याला हातात जास्त येतं, पण वर्षाच्या शेवटी परतावा मिळण्याऐवजी भरणा निघू शकतो.

आता तुझा खरा कर बघू. सप्टेंबरच्या शेवटापासून ३० जूनपर्यंत साधारण ४० आठवडे धरले तर ६२० च्या हिशेबानं २४,८०० डॉलर होतात. २०२५-२६ मध्ये निवासी व्यक्तीला १८,२०० डॉलरपर्यंत कर नाही, त्यावर ४५,००० पर्यंत १६ टक्के. म्हणजे उरलेल्या ६,६०० वर १,०५६ डॉलर. त्यातून कमी उत्पन्नवाल्यांना मिळणारी ७०० डॉलरची सवलत वजा होते. राहिले ३५६. चाळीस आठवड्यांच्या घामाच्या २४,८०० वर ३५६ डॉलर! शंभराला दीडसुद्धा नाही. आणि ही सवलत वेगळी मागावी लागत नाही, रिटर्नमध्ये आपोआप धरली जाते.

टीएफएन दिल्यावर ६२० च्या पगारातून आठवड्याला ५४ डॉलरच्या आसपास कापले जातील, कारण कपातीचं कोष्टक तू बावन्न आठवडे तेवढंच कमावतेस असं धरतं आणि त्यात मेडिकेअरचा, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेचा आकारही मिसळतं. म्हणून जुलैनंतर तुला परतावा मिळेल, चांगला मिळेल.

तू जुलैत पोहोचलीस हे बरं झालं. वर्षाच्या मध्येच निवासी झालेल्यांना पूर्ण १८,२०० ची मर्यादा मिळत नाही. त्यांच्यासाठी १३,४६४ डॉलर ठरलेले असतात आणि उरलेले ४,७३६ महिन्यांच्या प्रमाणात मिळतात. फेब्रुवारीच्या सत्राला येणाऱ्याला पहिल्या वर्षी सुमारे १५,४३७ वरच थांबावं लागतं. मैत्रीण फेब्रुवारीत येणार असेल तर तिला हे आधीच सांग, नाहीतर तुझा आकडा बघून ती स्वतःचा हिशेब करेल.

आता रेस्टॉरंटच्या मालकांचा प्रस्ताव. त्याच्याशी मी जरा जास्त वेळ थांबणार आहे, कारण तो ऐकायला फार सोयीचा आहे.

२८ गुणिले २० म्हणजे आठवड्याला ५६० डॉलर, काहीही न कापता. गोदामाचे ६२० वजा ५४ म्हणजे ५६६. कर कापूनही गोदामाचा पगार सहा डॉलरनं जास्त आहे, आणि त्या ५४ मधले बहुतेक पुन्हा तुझ्याकडेच येणार आहेत. चाळीस आठवड्यांचे एबीएनवर २२,४०० होतील. हे उत्पन्न सवलत धरून करमुक्त बसतं, तेव्हा कर शून्य, हे मी मान्य करते. पण गोदामात ३५६ डॉलर कर भरूनही तुझ्याकडे २४,४४४ राहतात. कर वाचवायला जाऊन दोन हजारांहून जास्त डॉलर सोडायचे, असा हा सौदा आहे.

शिवाय सुपर. निवृत्तीसाठीचं सुपरअॅन्युएशन मालकानं पगाराच्या वर, स्वतःच्या खिशातून भरायचं असतं. १ जुलै २०२५ पासून त्याचा दर १२ टक्के आहे. पूर्वी महिन्याला ४५० डॉलरपेक्षा कमी कमावणाऱ्याला ते मिळत नसे, ती अट २०२२ मध्ये गेली. तुझ्या २४,८०० वर ते २,९७६ डॉलर होतात. शिक्षण संपवून तू कायमची परत आलीस आणि व्हिसा संपला, की हे पैसे मागता येतात. जमा होताना फंडात १५ टक्के आणि काढताना ३५ टक्के कर कापतात, तरीही १,६०० च्या आसपास उरतात. स्टुडंट व्हिसावरची किती मुलं हे पैसे तिथेच विसरून येतात! सुपरचं एकच खातं ठेव, दुसऱ्या मालकालाही त्याचाच तपशील दे, आणि परत येताना अर्ज करायचा हे आत्ताच कुठेतरी लिहून ठेव.

पैशांपलीकडचंही आहे. एबीएन हा धंदा करणाऱ्याचा क्रमांक आहे. अर्ज करताना आपण स्वतःचा व्यवसाय करतो असं तू लिहून देतेस. रेस्टॉरंटमध्ये रोस्टर मालक लावणार, भांडी-कढया त्यांच्या, तुझ्याऐवजी मैत्रिणीला पाठवायची मुभा नाही. मग हा तुझा व्यवसाय कसा? नोकराला कागदावर कंत्राटदार दाखवणं याला तिथे ‘शॅम कॉन्ट्रॅक्टिंग’ म्हणतात आणि फेअर वर्क या तिथल्या कामगार कायद्यानं ते बेकायदा आहे. मालकाची सोय उघड आहे: सुपर वाचतं, अपघाताचा विमा वाचतो, कॅज्युअलचा जादा दर वाचतो. २०२५-२६ साठी राष्ट्रीय किमान वेतन तासाला २४.९५ डॉलर ठरलं. कॅज्युअल कामगाराला भरपगारी रजा नसते, आजारपणाची सुट्टी नसते, म्हणून त्यावर २५ टक्के जास्त द्यायचे असतात. ते ३१ च्या थोडं वर जातं, म्हणून गोदामातला तुझा नेमका दरही पेस्लिपवर बघून घे. आता ‘२८ देतो’ हे औदार्य वाटतंय का ते बघ. उद्या गरम तेल हातावर सांडलं तर नोकर म्हणून तुला उपचार आणि बुडालेला पगार यांचं संरक्षण आहे. कंत्राटदार म्हणून दवाखान्याचं बिल घेऊन तू एकटीच उभी राहशील. मला करापेक्षा याचीच काळजी वाटते.

‘सगळे तसंच करतात’ हे मी खूपदा ऐकते. रात्री सायकलवर जेवण पोहोचवणारी मुलं एबीएनवर असतात. तो प्रकार वेगळा आहे आणि तिथे कर स्वतः बाजूला काढून ठेवावा लागतो. तू उद्या वेबसाइट करून देण्याची स्वतःची कामं घेतलीस तरी एबीएन योग्यच. रोस्टरवर नाव असलेल्या वेटरला मात्र तो लागू नाही.

रोखीबद्दलही सांगून ठेवते. रोख पगार घेणं हा गुन्हा नाही. पेस्लिप मिळत असेल, कर कापला जात असेल, सुपर भरलं जात असेल तर नोटा चालतात. पेस्लिप पगारानंतर एका कामाच्या दिवसात मिळायला हवी. ती देत नसतील तर ‘नंतर बघू’ म्हणून सोडून देऊ नकोस. कामगारांच्या तक्रारी बघणाऱ्या फेअर वर्क ओम्बड्समन या सरकारी कार्यालयाचा नंबर १३ १३ ९४. व्हिसा विद्यार्थ्याचा असला तरी पगाराचे हक्क तिथल्या नागरिकाइतकेच असतात.

दोन्हीकडे काम करायचं का? सत्र चालू असताना पंधरवड्याला ४८ तासांची मर्यादा आहे, आणि त्यात गोदामाचे ४० आधीच गेले. उरले आठ. एबीएनवरचे किंवा रोखीचे तास मोजत नाहीत, असं कुणी सांगितलं तर ऐकू नकोस. सगळे तास मोजले जातात आणि मर्यादा मोडली तर व्हिसा जाऊ शकतो. मालक टीएफएनवर, पूर्ण कॅज्युअल दरानं ठेवायला तयार असतील तर शनिवारी चार तास कर. सुट्ट्यांमध्ये मर्यादा नसते, तेव्हा डिसेंबर-जानेवारीत तास वाढव. त्यामुळे वर्षाचे ३०,००० डॉलर झाले तरी कर १,१८८ च येतो. मात्र त्या पातळीवर मेडिकेअरचा आकार लागू लागतो. तुला मेडिकेअरचा लाभ नाही, तेव्हा तो भरायचंही कारण नाही. सर्व्हिसेस ऑस्ट्रेलिया या सरकारी खात्याकडून ‘मेडिकेअर एन्टायटलमेंट स्टेटमेंट’ मागवून घे आणि रिटर्नमध्ये सूट माग. काहीशे डॉलर वाचतात.

रिटर्न १ जुलै ते ३१ ऑक्टोबरच्या दरम्यान भरायचं. मायगव्ह या सरकारी संकेतस्थळावरून स्वतः भरता येतं, खर्च नाही. पहिल्याच दिवशी घाई करू नकोस. जुलैच्या मध्यानंतर मालकाकडची माहिती ‘टॅक्स रेडी’ दिसली की भर. घर ते गोदाम प्रवास आणि कॉलेजची फी वजावटीत बसत नाही. गोदामानं सांगितलेले सेफ्टी शूज स्वतः घेतले असतील तर बसतात. मोठा परतावा मिळवून देतो म्हणणाऱ्या कुणाच्याही हाती मायगव्हचा पासवर्ड देऊ नकोस. एजंट हवाच असेल तर टॅक्स प्रॅक्टिशनर्स बोर्डाच्या यादीत त्याचं नाव आहे का ते आधी बघ.

सांगलीच्या बँकेत तुझ्या नावावर एफडी आहे असं तू लिहिलंस. तात्पुरत्या व्हिसावर असेपर्यंत तिच्या व्याजावर ऑस्ट्रेलियात साधारणपणे कर लागत नाही. भारतातली बाजू मात्र बाबांच्या सीएला दाखव. एप्रिलपासून निघेपर्यंत तू साठ दिवसांहून जास्त इथे होतीस, त्यामुळे २०२५-२६ पुरती तू भारतात निवासी ठरू शकतेस. तसं झालं तर मार्चपर्यंतची तिथली मजुरी भारतीय विवरणपत्रात दाखवावी लागेल आणि मेलबर्नचं बँक खातंही. नव्या प्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर निवासी व्यक्तीला कर पडत नाही, तेव्हा भरणा निघेल असं वाटत नाही. पण दाखवायचं राहिलं तर उगीच नोटीस येईल. फेमा या परकीय चलनाच्या कायद्याखाली परदेशी शिकायला गेलेला विद्यार्थी अनिवासी धरला जातो, म्हणून तुझं इथलं बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासींचं खातं, करून घ्यायलाही बँकेला सांग.

बाबांना पैसे पाठवायची ओढ मला कळते. तरी आधी सहा आठवड्यांचं भाडं आणि खाणं निघेल एवढे पैसे खात्यात साठू दे. कॅज्युअलला पुढच्या आठवड्यात शिफ्ट मिळेलच याची हमी नसते. ते जमलं की दरमहा झेपेल तेवढं पाठव. जुलै-ऑगस्टमध्ये परतावा येईल तो एकरकमी व्याजात जाऊ दे. तो हजार-दीड हजार डॉलरच्या वर असेल, आणि जास्तीची ४७ टक्क्यांची कपात जितके आठवडे चालली असेल तितकी भर त्यात पडेल.