घरी जाताना हजेरीवही शाळेतच ठेवा

प्रश्न : मी निपाणी भागातल्या मराठी शाळेत सातवीला शिकवते. एक मुलगी आठवड्यातून दोन-तीनदा उशिरा येते, गृहपाठ अपुरा असतो. आई घरी विड्या वळते. भेटायला गेले तर "लक्ष देते, बाई" एवढंच म्हणाली. आणखी खोदून विचारलं तर तिला अपमान वाटेल का?

उत्तर : पहिलाच प्रश्न "उशीर का होतो?" असा असला तर नक्की वाटेल. शाळेतून बाई आल्या म्हणजे तक्रार आली, असंच आई धरून चालते. म्हणून आधी मुलीची एक नेमकी चांगली गोष्ट सांगा (अक्षर, पाढे, लहान भावंडाला सांभाळून आणणं). मग आईच्या दिवसाबद्दल विचारा : "अक्का, काम किती वाजता सुरू होतं? विड्या जमा करायला कधी जाता?"

उत्तर तिथेच सापडण्याचा संभव आहे. विडीची मजुरी हजारावर मिळते. पान भिजवणं, कातरणं, वळणं, तोंड मोडणं, जुड्या बांधणं यात जमा करायच्या दिवशी आकडा भरला नाही तर मजुरी बुडते, आणि मग मुलगी हाताशी बसते. दोन आठवडे तिच्या उशिराच्या तारखा लिहा आणि जमा करायच्या दिवसांशी ताडून बघा. जुळल्या तर आळस किंवा आईची बेपर्वाई हे कारण गळून पडतं. त्या दिवशी पहिल्या तासाला चाचणी किंवा गणिताचा नवा धडा ठेवू नका. गृहपाठातली 15 मिनिटं शाळेतच, शेवटच्या तासाला करून घ्या. न जुळल्या तर चष्मा, आजारपण, पाणी भरणं, वाटेतली भीती असं एकेक तपासा.

भेट 20 मिनिटांची पुरे. आईला काम थांबवायला लावू नका, शेजारी खाली बसा. फोटो काढू नका. घरातलं भांडण, दारू, कर्ज हे वर्गाच्या वहीत लिहू नका. ती वही मुलं उघडतात. आणि वर्गात "तुझी आई विड्या वळते ना" हे कौतुकानेसुद्धा बोलू नका. एवढ्या एका वाक्याने मूल घरचं बोलणं कायमचं बंद करतं.

पहिल्या भेटीत कायद्याचा धाक नको. पण मुलगी रोज तासन्‌तास विड्या वळत असेल आणि शाळा बुडत असेल, तर मुख्याध्यापक व शाळा विकास समितीला सांगायलाच हवं. मारहाण वा धोका दिसला तर 1098 वर फोन करा.

एक मदत तुमच्या हातात आहे. विडी कामगारांच्या मुलांना केंद्र सरकारची शिष्यवृत्ती आहे. अर्ज राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर होतो. आईचं विडी कामगार ओळखपत्र आहे का, ते विचारा. शाळेच्या रजिस्टरातलं, आधारवरचं आणि बँकेतलं नाव वेगवेगळं असलं की अर्ज अडतो, म्हणून तिन्ही आधी जुळवा. नाडकचेरीतले (कर्नाटकातल्या महसूल कार्यालयातले) कागद कन्नडमध्ये असतात. सही किंवा अंगठा घेण्याआधी ते आईला मराठीत वाचून दाखवा.

प्रश्न : बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातली आमची काही मुलं आई-वडिलांबरोबर वीटभट्टीवर, ऊसतोडीला कोल्हापूर भागात जातात. शाळा सोडल्याचा दाखला नाही म्हणून तिकडच्या शाळेत अडवतात. काय करावं?

उत्तर : शिक्षणहक्क कायदा 2009 च्या कलम 5 प्रमाणे मागितल्याबरोबर दाखला द्यावा लागतो, आणि दाखल्याला उशीर झाला म्हणून दुसऱ्या शाळेला प्रवेश अडवता येत नाही. पालकांच्या हातात जन्मतारीख, इयत्ता आणि कुठपर्यंत शिकवून झालं याचा एक मराठी कागद द्या. माध्यम मराठीच असल्यामुळे तिथल्या गुरुजींना तो लगेच उपयोगी पडतो. मुलं कधी जाणार हे मात्र दसऱ्याच्या सुट्टीआधीच विचारून ठेवा. ट्रॅक्टर दारात लागल्यावर कागद करायला कुणाला वेळ नसतो.