नवऱ्याला डिप्रेशन आहे की नुसता थकवा?
रोज विरार लोकलनं ये-जा करणारा नवरा दोन महिन्यांपासून गप्प असतो, रविवारचं क्रिकेटही सोडलंय, असं तुम्ही लिहिलंय. ताई, नुसता थकवा बहुधा सुट्टीत झोप काढून उतरतो. २ आठवड्यांहून जास्त काळ मन उदास, आवडीच्या गोष्टीत रस नाही, झोप-भूक बिघडलेली, तर ते नैराश्य असू शकतं. दाखवाच. मुंबईत केईएम, नायर किंवा सायन रुग्णालयाच्या मानसोपचार ओपीडीत केसपेपर काढा. थायरॉइड तपासायला सांगितलं तर दचकू नका, त्यानंही असं होतं. गोळ्या दिल्या तर गुण यायला २ ते ४ आठवडे, कधी जास्तही लागतात, आठवड्यात फरक नाही म्हणून मनानं बंद करणारे फार (आमच्या घरातच एक होता!). जिवाचं बरंवाईट करण्याचं बोलला, तर त्याच दिवशी इस्पितळात न्या, एकटं सोडू नका. आधी नुसतं बोलायचं असेल, तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर २४ तास मोफत आहे, मराठीतही बोलतात.