मांजराचं पिल्लू गादीवर शू करतं, पहाटे झोपू देत नाही. काय करू?

तुमच्या प्रश्नातलं आधी मांडून घेते. सिंहगड रोडला चौथ्या मजल्यावर फ्लॅट, पार्किंगमध्ये सापडलेला अडीच-तीन महिन्यांचा बोका, खाणं दूध-पोळी आणि वरण-भात. पहाटे चारला दंगा. ट्रे ड्राय बाल्कनीत, वॉशिंग मशीनच्या शेजारी, तरीही शू गादीवर. घरात मांसाहार नाही. आणि आईंचं म्हणणं, "मुद्दाम करतंय, जिथून आणलंस तिथे सोडून ये."

मुद्दाम करत नाहीये. आपल्यावरचा राग काढायला मांजर गादी ओली करत नाही. त्याला पंजाखाली मऊ लागेल, शू शोषली जाईल आणि कुणी धडधडाट करणार नाही अशी जागा लागते. तुमच्या घरात तशी जागा म्हणजे गादीच. मशीन स्पिनला लागलं की माझ्यासारखी बाई दचकते, त्या एवढ्याशा जिवाचं काय होत असेल! ट्रे तिथून हलवून शांत कोपऱ्यात ठेवा, खाण्याच्या वाटीपासून लांब. त्यात दोन-तीन इंच बारीक वाळू किंवा लिटर (मांजराच्या ट्रेसाठी मिळणारे शू शोषणारे दाणे) घाला आणि रोज दोनदा उपसा. एका मांजराला दोन ट्रे असले तर फारच छान. गादी फिनेलने पुसत असाल तर तेही थांबवा. फिनेलमधलं फिनॉल मांजराच्या यकृताला पचवता येत नाही. ते पंजाला लागतं आणि पंजे चाटताना पोटात जातं. डाग काढायला एन्झाइमवाला क्लीनर मिळतो. वास नाकाला जाणवेनासा झाला तरी मांजराला येतच असतो, आणि वास आहे तोवर ते परत तिथेच बसणार.

जागा बदलूनही फरक पडला नाही तर डॉक्टरांना दाखवा. लघवीच्या जागी जळजळ असली की मांजर ट्रेलाच दोषी धरतं आणि दुसरी जागा शोधतं.

बोका आहे म्हणून इथे जरा जास्त लिहिते. मी कोथरूडला राहते. आमचा बंड्या चार वर्षांचा असताना एका रविवारी दिवसभर ट्रेत जाऊन बसत होता. बसायचा, कण्हायचा, उठायचा, पुन्हा बसायचा. आम्ही समजलो बद्धकोष्ठ झालंय. शेजारच्या काकूंनी एरंडेल सुचवलं, ते नशिबाने घरात नव्हतं. ट्रेतली वाळू कोरडी आहे हे माझ्या लक्षात आलं रात्री अकराला, आणि तरीही "सकाळी बघू" म्हणून आम्ही झोपलो. सकाळी तो ओकत होता. डॉक्टरांनी पोटाला हात लावला आणि म्हणाले, मूत्राशय दगडासारखं लागतंय. बोक्याची मूत्रनलिका अरुंद असते. त्यात खडे किंवा चिकट गाळ अडकला की लघवी तुंबते, रक्तात पोटॅशियम वाढतं आणि शेवटी हृदय बंद पडू शकतं. भूल देऊन नळी घातली, तीन दिवस सलाईन लावलं, म्हणून वाचला. तुमच्या पिल्लाच्या वयात हे सहसा होत नाही, पण पुढे कधी बोका ट्रेत कुंथताना दिसला आणि थेंबही येत नसेल, तर रात्र असो की दिवाळी, तासाभरात निघा. मांजरीतही लघवीचे त्रास होतात, पूर्ण तुंबणं मात्र बहुतेक बोक्यांचंच.

आता खाणं. मांजर डोळे मिटून दूध पितं हे म्हणीत ठीक आहे. आईचं दूध सुटलं की बहुतेक मांजरांना दुधातली साखर नीट पचत नाही, मग पातळ शी होते. दूध बंद करा, पाण्याची पसरट वाटी ठेवा. पोळी आणि भात पोट भरायला, पोषणाला नाही. मांजर पक्कं मांसाहारी. टॉरिन नावाचं द्रव्य त्याला मांसातूनच मिळतं. ते कमी पडलं तर दृष्टी जाते, हृदय कमकुवत होतं. कांदा-लसूण तर विषच, म्हणजे फोडणीचं वरणही गेलं. आमच्याकडेही सासूबाईंचं सोवळं होतं, त्यामुळे तुमची अडचण मला कळते. तोडगा सोपा आहे: पिल्लांसाठीचं कोरडं खाद्य पाकिटात मिळतं, टॉरिन त्यात असतंच. त्याची वाटी आणि चमचा वेगळा ठेवा, ओट्यावर काही शिजवायला नको. जुन्या खाण्यात मिसळत आठवडाभरात पूर्ण बदला.

पहाटेचा दंगा त्याच्या रक्तातच आहे. मांजराची शिकारीची वेळ म्हणजे पहाट आणि तिन्हीसांज. झोपण्याआधी दोरीला चिंधी बांधून पंधरा मिनिटं पळवा आणि लगेच जेवू घाला. शिकार, जेवण, मग झोप, हा त्याचा क्रम आहे. हाताची बोटं मात्र खेळायला देऊ नका, आज गंमत वाटते, सहा महिन्यांनी रक्त निघतं. आणि चारला ओरडला म्हणून उठून खाऊ घातलंत की तो रोज चारलाच उठवणार.

लसीचं विचारलं नाहीत, पण अडीच महिने म्हणजे वेळ झालीच आहे. ट्रायकॅट म्हणजे मांजराच्या तीन आजारांवरची एकत्र लस, तिचा पहिला डोस आता, दुसरा तीन-चार आठवड्यांनी, रेबीजची तीन महिन्यांना. पाच-सहा महिन्यांचा झाला की नसबंदी, नाहीतर दारांवर-पडद्यांवर शू फवारायला लागेल आणि त्या वासाला कुठलाच क्लीनर पुरत नाही. खाजगी दवाखाना परवडत नसेल तर औंधला सरकारी पशुचिकित्सालय आहे. ताप वाटला म्हणून आपली पॅरासिटामॉल कधीही देऊ नका, अर्धी गोळीसुद्धा जीव घेते. बुकेतली लिली घरात नको, तिच्या परागांनीही मांजराची किडनी जाते.

चौथा मजला म्हणालात. बाल्कनीला कबुतरांसाठीची नायलॉनची जाळी असेल तर तेवढ्यावर विसंबू नका, मांजर ती दातांनी कुरतडतं. ग्रिल किंवा तारेची जाळी लावून घ्या, आणि ती लागेपर्यंत बाल्कनीचं दार बंद.

आईंचं काय करायचं ते तो बोकाच बघून घेईल. मांडीवर चढून दोन्ही पंजांनी कणीक मळल्यासारखं करायला लागला की त्यांना सांगा, आईचं दूध पिताना तो असंच करायचा.